सकर वाढला, टाकी तेवढीच राहिली

अमळनेरच्या एका वाचकांचं पत्र आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, तीन वर्षांपूर्वी जळगावहून दोन इंचाचा सकर मासा आणला. दुकानदार म्हणाला, काच साफ ठेवतो, वेगळं खायला लागत नाही, टाकी बघून वाढतो. आज तो १४ इंचांचा झालाय. टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दिवाळीत मुलाच्या हट्टापायी ७ इंचांचा दुसरा सकर आणला. तेव्हापासून रात्री टाकीत धडधड होते, करकर आवाज येतो. नव्याची शेपटी फाटली आहे. चार गोल्डफिश होते, एक गेला. उरलेल्या तिघांच्या अंगावर पांढरे चट्टे आहेत. आई म्हणते, 'त्याले तापीमायमा सोडी दे, पुन्य लागी.' मुलगा चौथीत आहे, हे ऐकलं की रडायला लागतो. काय करू?"

भाऊ, आधी तापीचं बोलते. बाकी जे बिघडलंय ते महिना-दोन महिन्यांत सावरता येईल. नदीत सोडलेला मासा मात्र परत आणता येत नाही.

आईंच्या बोलण्यातली जीवदया मला कळते. तापीला आपण नुसती नदी म्हणत नाही, माय म्हणतो. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर गेलं की हात आपोआप जोडले जातात. पण हा मासा तापीचा नाही. त्याचं माहेर दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉनच्या खोऱ्यात. आपल्याकडे 'सकर', 'टँक क्लीनर', कुठे 'क्रोकोडाइल फिश' म्हणून जो विकतात, तो प्लेको म्हणजे चिलखती मांजरमाशांच्या कुळातला. तिथल्या नद्यांत त्याला खाणारे आहेत, त्याच्याशी झुंजणारे आहेत. आपल्या नदीत हाडांच्या पट्ट्यांनी मढलेल्या या माशाला हात लावणारं फारसं कुणी नाही.

तो नदीत काय करतो ते आईंना सांगा. नर काठाच्या मातीत हातभर खोल बिळं कोरतो. मादी तिथे शेकड्यांनी अंडी घालते आणि नर बिळाच्या तोंडाशी राखण बसतो. बिळं वाढली की काठ आतून पोकळ होतो आणि पुराच्या पाण्यात ढासळतो. दगडावरचं शेवाळ खरवडताना तिथे चिकटलेली दुसऱ्या माशांची अंडीही त्याच्या पोटात जातात. मेक्सिकोत इन्फिएर्नियो नावाच्या धरणात हे मासे माजले आणि तिलापिया माशावर जगणाऱ्या कोळ्यांच्या जाळ्यात खायच्या माशांऐवजी हेच येऊ लागले. आपल्या देशात पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत आणि गंगेतही ते पोचले आहेत. तापीवरच्या हतनूर धरणात जाळं टाकणाऱ्या भोयांचा विचार करा. याच्या परांचे काटे जाळ्यात असे गुंततात की कधी जाळंच कापावं लागतं, आणि एवढं करून हाती आलेल्या माशाला बाजारात भाव नाही.

खान्देशात तर हा धोका जास्तच. आपली बोरी, पांझरा उन्हाळ्यात डोहापुरती उरते. पाणी तापतं, त्यातला प्राणवायू कमी होतो आणि आपले मासे तोंड वर काढून तडफडतात. सकर मात्र वर येऊन हवा गिळतो आणि पोटाच्या आतल्या अस्तरातून प्राणवायू घेतो. म्हणजे मे महिन्याच्या डोहात आपले मासे मरतील आणि हा उरेल. कुणी शेततळ्याचा पर्याय सुचवेल, तोही नको. एका जोरदार पावसात तळं ओसंडलं की पाणी नाल्यात, नाल्यातून बोरीत, आणि बोरी शेवटी तापीलाच मिळते.

आता रात्रीच्या धडधडीचं. आज एक करा. टाकीचा लाईट नेहमीपेक्षा तासभर आधी बंद करा, खोलीतही अंधार करा. मोबाईलच्या टॉर्चवर लाल कापडाची दुहेरी घडी धरा आणि रात्री अकराच्या सुमाराला मुलाला शेजारी घेऊन टाकीसमोर नुसते बसा. सकर हा रात्रीचा प्राणी आहे. दिवसा त्याच्या डोळ्यात बघितलं तर बुबुळावर वरून एक पापुद्रा उतरलेला दिसतो आणि बाहुली घोड्याच्या नालासारखी वाकडी होते. उजेड कमी करायची ही त्याची सोय. रात्री तो पापुद्रा आवरलेला असतो आणि डोळा गोल, काळा दिसतो. असा डोळा उघडलेला सकर आणि दिवसभर काचेला चिकटून पडलेला सकर एकच आहे यावर विश्वास बसत नाही.

मोठा बहुतेक आधी त्याच्या ठरलेल्या जागेभोवती एक चक्कर मारेल. लहाना जवळ आला की अंगाला अंग लावून, पण डोकं त्याच्या शेपटीकडे करून उभा राहील, पाठीचा पर शिडासारखा ताठ करेल, गालाजवळचे काटे बाहेर काढेल आणि शेपटीचा फटका देईल. काचेवर धडधड होते ती या फटक्यांची. करकर आवाज परांच्या जाड काट्याचा आहे. सांध्यात काटा घासून तो आवाज काढतो, मला छेडू नको म्हणून बजावण्यासाठी. यात राग, दुष्टपणा काही नाही. नदीत हरलेला मासा दहा-वीस फूट लांब पळून जातो आणि भांडण तिथेच मिटतं. तुमच्या टाकीत हरलेल्याला पळायला जागा नाही, म्हणून तेच भांडण रोज रात्री नव्याने होतं.

त्यात तुमची टाकी रुंदीला १८ इंच आणि मासा १४ इंच. त्याला नुसतं वळायचं असलं तरी शेपटी काचेला लागते. टाकीपुरताच मासा वाढतो हे ऐकूनच आपल्याकडे हजारो सकर लहान टाक्यांत कोंबले गेले. लहान टाकीत मासा खुरटतो हे खरं, पण ते घाण पाण्याने आणि उपासमारीने खुरटणं असतं, आणि तसा मासा लवकर मरतो. नीट ठेवला तर हा दीड फुटापर्यंत जातो आणि १०-१५ वर्षं जगतो. मुलगा आज चौथीत आहे. तो कॉलेजात जाईल तेव्हाही हा मासा घरात असू शकतो. हे गृहीत धरूनच पुढचं ठरवा.

गोल्डफिशच्या अंगावरचे चट्टे बहुधा रोगाचे नाहीत. गोल्डफिश रात्री तळाशी संथ उभे असतात. उपाशी सकर त्यांच्या कुशीला चिकटतो आणि अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडून खातो. त्याखालचे खवले निघतात आणि तिथे पांढरा चट्टा उरतो. लाल उजेडात बसाल तेव्हा हेही दिसेल. तो गोल्डफिशवर जातोय याचा अर्थ, भाऊ, तो भुकेला आहे.

इथे मला माझी चूक सांगायला हवी. माझा पहिला सकर दोन फुटी टाकीत होता. मलाही असंच सांगितलं होतं, याला काही टाकू नका, काचेवरचं खातो. आठ महिने मी त्याला काही घातलं नाही. तो काचेला चिकटलेला दिसला की मला वाटायचं, जेवतोय. एका सकाळी तो उताणा तळाशी पडलेला होता. हातात घेतला तर पोट पातळ पापडासारखं आत गेलेलं, डोळे खोबणीत रुतलेले. काच तर केव्हाच लख्ख झाली होती. त्यानंतर घरात आलेल्या प्रत्येक सकरचं पोट मी दर आठवड्याला बघते. काचेला चिकटला की ते समोरच असतं. भरलेलं पोट हलकं फुगीर दिसतं. तोंड आणि मागचे पर यांच्यामध्ये खळगा दिसला तर त्याला पुरेसं मिळत नाही. तुम्ही आज पोटच आधी बघा.

खायला काय घालायचं हे आपल्याकडे सोपं आहे, कारण गिलकी, म्हणजे घोसाळी, बारमाही मिळतात. अर्धा इंच जाडीच्या चकत्या कापा, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा, गार करा, जुन्या स्टीलच्या काट्याला टोचून तळाशी सोडा. दुधी, काकडी, मटारही चालतात. सोबत तळाशी बसणाऱ्या वड्या, दुकानात वेफर म्हणून मिळतात त्या, आठवड्यातून तीन-चार वेळा द्या. सगळं लाईट बंद केल्यावर. सकाळी उरलेला तुकडा काढून टाका, नाहीतर तो कुजून पाणी खराब करतो. रावेर-यावलकडचे लोक केळं टाकतात. आवडतं त्याला, पण पाणी गढूळ होतं. महिन्यातून एखादी चकती पुरे. एक लाकडाचा ओंडकाही टाकीत हवा, दुकानात ड्रिफ्टवूड म्हणतात तो. त्याला रवंथ केल्यासारखं खरवडायची सवय असते.

भाजी कुठली आहे ते मात्र बघून घ्या. कपाशीवर फवारायच्या काही औषधांचा थेंबसुद्धा माशाला विष असतो, विशेषतः पायरेथ्रॉइड जातीच्या. शेतातून फवारणी करून आलेल्या हातांनी टाकीत हात घालू नका. डासांची फवारणीही त्या खोलीत नको, तीही बहुधा त्याच जातीची असते.

आता राहण्याचं. तातडीचं आधी. आज लहाना सकर वेगळा काढा. अमळनेरला घरोघरी पाण्याचे निळे ड्रम असतात, त्यातला स्वच्छ एक अर्धा भरा, हवेचा पंप लावा, वर झाकण ठेवा. गोल्डफिश रुंद तोंडाच्या १०० लिटरच्या टबात, तिथेही हवा आणि जमलं तर स्पंजचा फिल्टर. दोन्हीकडे टाकीतलंच अर्धं पाणी घाला, बाकीचं क्लोरिन उडालेलं. नळाचं पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवा किंवा त्यात क्लोरिन मारणारे थेंब टाका. चट्ट्यांवर कापसासारखी बुरशी नसेल तर स्वच्छ पाणी हेच औषध. बुरशी दिसली तर गोल्डफिशच्या टबात लिटरला २ ग्रॅम खडे मीठ विरघळवून घाला. सकरच्या पाण्यात मीठ नको, तांब्याची औषधं तर अजिबात नकोत. त्याला ती सोसत नाहीत.

लहान्याला पकडताना जाळी वापरू नका. काटे जाळीत अडकतात, सोडवताना पर तुटतो. ओल्या जाड टॉवेलमध्ये घ्या किंवा टाकीच्या कोपऱ्यात हाकलून डब्यात पाण्यासकट उचला. प्लॅस्टिकच्या पिशवीतून नेऊ नका, एका काट्याने पिशवी फुटते. झाकणाची बादलीच बरी.

मोठ्यासाठी मला विचाराल तर ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच टाकी. पाणी भरतं साधारण ६८० लिटर, म्हणजे पाण्याचंच वजन ६८० किलो. काच आणि स्टँड वेगळं. वरच्या मजल्यावर ठेवायचा विचार असेल तर बांधकाम करणाऱ्या माणसाला आधी विचारा. एवढा खर्च झेपत नसेल तर लाजू नका. हजार लिटरची पसरट पाण्याची टाकी ओसरीवर सावलीत ठेवली, वरचा भाग मोठा कापून घेतला, तर सकरला ती काचेच्या टाकीपेक्षा सुखाची. बाजूने बघता येणार नाही एवढंच. त्याला त्याने फरक पडत नाही, तुम्हाला आणि मुलाला पडेल, तेव्हा दोघांनी मिळून ठरवा.

त्याचं घर म्हणून पाईप द्या. जळगाव पाईपांच्या कारखान्यांचं गाव; बोअरच्या केसिंगचा ६-७ इंच व्यासाचा, दोन फूट लांब तुकडा कुठल्याही शेतीमालाच्या दुकानात मिळेल. कडा पॉलिश पेपरने घासा, एक तोंड दगडाने बंद करा. दोन दिवसांत तो मागे मागे सरकत आत शिरेल आणि फक्त डोकं बाहेर ठेवून बसेल. माझा पहिल्यांदा तसा बसला तेव्हा मी रात्री दोनदा उठून बघून आले होते. दगड मांडाल तर थेट तळाच्या काचेवर मांडा, रेतीवर नको. तो खालून रेती उकरतो आणि दगड कलंडून काच फुटते. हीटर लावाल तर भोवती प्लॅस्टिकची जाळी हवी. तो गरम हीटरला चिकटून बसतो आणि अंग भाजून घेतो. वर जड झाकण, कारण हे मासे उडी मारतात.

नवी टाकी भरली की मासा लगेच सोडू नका. जुन्या फिल्टरचा स्पंज नव्या फिल्टरमध्ये घाला आणि तो स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका. त्यात राहणारे जिवाणू माशाच्या मळातला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. क्लोरिनने ते मरतात. सकर टाकी साफ करतो म्हणतात, पण सगळ्यात जास्त मळ तोच करतो. एवढ्या माशाला दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायलाच लागेल. पाण्याची टंचाई मला ठाऊक आहे, म्हणून सांगते: काढलेलं पाणी मोरीत सोडू नका, कढीपत्त्याला, तुळशीला, परसातल्या केळीला घाला. नायट्रेट झाडांना लागतंच.

उन्हाळा आता फार लांब नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास गेला की खोलीतल्या टाकीचं पाणी ३२-३३ अंशांवर जातं आणि त्यात प्राणवायू कमी मावतो. सकर हवा गिळून काढेल, गोल्डफिश नाही काढणार. पाण्याच्या पृष्ठभागावर साधा टेबलफॅन तिरका सोडा. आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलरसारखंच काम होतं आणि पाणी दोन-चार अंशांनी उतरतं. त्यात पाणी उडतं, ते भरताना बोअरचं नको. बोअरचं पाणी आधीच जड, क्षार साचत जातात. लाईट गेली की हवेचा पंप चालू राहिला पाहिजे. तो फक्त ४-५ वॅट खातो, इन्व्हर्टरवर रात्रभर चालेल. हिवाळ्यात धुळे-अमळनेरकडे रात्री पारा एक आकड्यावर येतो, तेव्हा ओसरीवरच्या टाकीला हीटर लागेलच. पाणी २० अंशांखाली गेलं की सकर सुस्तावतो, खाणं सोडतो.

राहिला लहाना. दोन सकर ठेवायचे तर आठ-दहा फुटांची टाकी किंवा मोठा हौद हवा, आणि तरीही खात्री नाही. तो दुसऱ्या घरी द्या. जळगाव, धुळे, नाशिककडे मोठ्या टाक्या ठेवणारी माणसं आहेत. दुकानदाराला विचारलं तर परत घेतो किंवा गिऱ्हाईक दाखवतो. देताना एक प्रश्न विचाराच: तुमची टाकी किती फुटांची? उत्तर चार फुटांच्या आत आलं तर देऊ नका, थांबा. तोवर ड्रमऐवजी रुंद टबात ठेवा आणि त्यालाही गिलकं चालू ठेवा, फाटलेली शेपटी तीन-चार आठवड्यांत भरून येते.

मुलाला काचेवरचं शेवाळ खाणाराच मासा हवा असेल तर पुढे कधीतरी ब्रिसलनोझ आणा. तोही याच कुळातला, पण पाच-सहा इंचांवर थांबतो. गोल्डफिश परत तीन फुटी टाकीत गेले, जखमा भरल्या, की मग. आता लगेच नको.

आणि आईंना त्या लाल उजेडात एकदा बसवा. रोजचं गिलकं त्यांच्या हातून पडू दे. १५ दिवसांनी मला दोन गोष्टी कळवा: मोठ्याचं पोट भरलं का, आणि तो पाईपमध्ये शिरला का.